कवीखालाची मुंबई

"तुमचं मराठी किती छान आहे हो!" असं कुणी म्हणालं की कवीखालाचा पारा चढे. तो ती दाखवत नसे, हेच धोक्याचं. "तुमचंही बरं आहे," ती गोड हसून म्हणे, "कुठं शिकलात?" एकदा दादरच्या एका प्रोफेसरांना हा प्रसाद मिळाला. बिचारे अर्धा चहा टाकून गेले.

आम्हा पोरांची ही खाला, म्हणजे मावशी, परळच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायची. नवरा बोटीवर, मुलगा शाळेत आणि ही शिवणाच्या मशीनवर. मशीनच्या तालात कविता सुचतात, असं तिचं म्हणणं. त्या सुचल्या की परकर वाकडे शिवले जात, हा माझा अनुभव. तक्रार केली तर म्हणे, "अगो, कविता सरळ आली ना? मग परकराचं काय घेऊन बसलीस?"

कविता झाली की ती आधी माझ्या आईला ऐकवायची. आई तांदूळ निवडत असे. ऐकताना तिचे हात चालूच राहिले, तर खाला तिथल्या तिथे कागद फाडायची. "वहिनी, तुझे हात थांबले नाय गो. कविता मेली." आईला इतकं वाईट वाटे की पुढे पुढे ती उगीचच हात थांबवू लागली. खालाने तेही ओळखलं आणि चांगला अबोला धरला.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आम्हा पोरांच्या खेळातसुद्धा सत्याग्रही आणि पोलीस असत. जवळच्या मैदानात सभा ठरली, तिथे कवी कविता वाचणार होते. आमच्या चाळीचे सेक्रेटरी म्हणजे गिरणीतून आले की अंगावरचा सदरा न बदलता चळवळीला लागणारा सरळ माणूस. ते खालाकडे आले.

"खाला, हिंदू-मुसलमान ऐक्यावर एक कविता वाचा."

"माझी मुंबईवर आहे."

"मुंबईवर सगळेच वाचणार. ऐक्यावर तुमच्याशिवाय कोण वाचणार?"

"म्हणजे मुंबई तुमची, नि ऐक्य तेवढं माझं?"

सेक्रेटरी टोपी काढून डोकं खाजवू लागले. "तसं नाय हो..." कसं ते मात्र त्यांना सांगता येईना. ते गेल्यावर खाला हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "ईदला मी आठवते यांना, नि ऐक्याला आठवते," ती आईला म्हणाली, "मधले दिवस मी कुठं राहते गो?" तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सभेत 'आता ऐक्यावर कविता' असंच जाहीर झालं. खालाने पदर सावरला आणि वाचलं ते हे:

मुंबई मागायला आले नाही मी.
आजीची माझ्या कबर इथे,
लेकाची माझ्या नाळ इथे,
सांगायला आले, घरी आहे मी.

मैदानात टाळ्या पडल्या. टाळ्यांतूनच 'मुंबई आमची'चा गजर उठला. खाला पुन्हा माइकपाशी गेली. "आमची म्हणताना मलापण धरा हां!" मैदान खदखदून हसलं. पुढची घोषणा सेक्रेटरींनी दिली, घसा बसेस्तोवर.

राज्य झालं, चाळीत पेढे वाटले गेले, आम्ही पोरं मोठी झालो. खूप वर्षांनी खाला गेली. चाळीने शोकसभा घेतली आणि एक नामवंत साहित्यिक बोलावले. ते छान बोलत होते. मुस्लिम समाजातली स्त्री, मराठीवर केवढं तिचं प्रेम, ऐक्याचा केवढा आदर्श! पहिल्या रांगेत म्हातारे सेक्रेटरी काठी टेकून बसले होते. ते मधेच उठले.

"साहेब, धर्म ऱ्हाऊ द्या, आदर्श ऱ्हाऊ द्या. बाईच्या कविता कशा होत्या, ते बोला."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला. त्यांनी एकही वाचलेली नव्हती. सभा ताटकळली, आणि सेक्रेटरी उभेच राहिले. हे बघायला खाला हवी होती, असं वाटलं आणि मला रडू आवरेना.