अभ्यासकांच्या आवृत्तीतले घोडे

आधी मावशींचं सांगते, मग काय झालं ते. नाशिकच्या एका छापखान्यात बायंडिंगच्या टेबलावर त्या माझ्या शेजारी बसतात. गिरणारेकडच्या आहेत, घरी भाजीचा मळा. मी पार गोंदियाकडची, आठवीत शाळा सुटलेली, इथं ना नातं ना गोतं. आज मी अजून त्या टेबलावर आहे ती केवळ मावशींमुळे.

आमचे मालक पुस्तकं छापतात आणि विकतातही. गेल्या वर्षी त्यांनी जिल्ह्याचा इतिहास काढला, तीन आवृत्त्यांत: अभ्यासकांसाठी, सर्वसामान्य वाचकांसाठी आणि बालवाचकांसाठी. लिहिणारे सर एकच, मजकूरही बराचसा एकच. अभ्यासकांसाठी अक्षर मुंगीएवढं केलं आणि पानाखाली तळटिपांची रांग लावली. सर्वसामान्यांसाठी टिपा काढून मुखपृष्ठावर तलवार टाकली. मुलांच्या आवृत्तीत कुणी मरतच नाही, सगळे नुसते ‘निघून जातात’, आणि हत्तीसुद्धा हसतात. खर्च वाचावा म्हणून तिन्हींचा आकार आणि कागद मालकांनी सारखाच ठेवला.

तिथंच घोळ झाला. सोळा पानांच्या एका घडीला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, ती बघून फर्मे एकावर एक लावायचे. आत काय छापलंय ते बघायला कुणाला फुरसत? अभ्यासकांचा नववा फर्मा आणि मुलांचा नववा फर्मा, खूण एकाच जागी. मालकांनी घाईघाईत मुलांचा गठ्ठा उचलून आमच्यापुढे आणून टाकला, आणि आम्ही तो लावला.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी मालकांनी एक प्रत सहज चाळली आणि ओरडलेच. किल्ल्याला वेढा पडलाय, तळटिपा चालल्यात, आणि पान उलटलं की एकदम, ‘बालमित्रांनो, या चित्रात किती घोडे लपलेत ते ओळखा पाहू!’

“आठवी शिकलेली पोरगी ठेवली की हेच होणार! उद्यापासून येऊ नकोस.”

नोकरी गेली की सातपूरची खोली गेली, आणि खोली गेली की परत घरी. घरी माझ्यासाठी एक स्थळ तयारच बसलं होतं, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठं.

मावशींनी खळीचा हात पदराला पुसला. “गठ्ठा कोणी आणून ठेवला, मालक?”

मालक छताकडे बघायला लागले.

“आता उसवून परत शिवायला टाइम नाय. जाऊ द्या तशीच.”

“जाऊ द्या? अहो, अभ्यासक वाचणारेत ती!”

“वाचत्यात व्हय? रद्दीवाल्याकडं बघा. असली जाड बुकं येत्यात ना, त्यांची पानं आजून एकमेकाला चिकटलेली असत्यात. एक जरी तक्रार आली, तर हिच्यासंगं मी बी जाते. तोवर हिला हात लावायचा नाय.”

एकवीस-बावीस वर्षांची नोकरी मावशींनी माझ्यापायी अशी टेबलावर ठेवली. मी नको नको म्हणत होते. “गप बस गं, खळ वाळती,” म्हणाल्या.

प्रकाशन थाटात झालं. प्रमुख पाहुण्यांनी ग्रंथ तोलून दाखवला आणि यातलं प्रत्येक पान अभ्यासायला हवं, असं सांगितलं. मी मागं खुर्च्या लावत होते, ते ऐकून दाराबाहेरच सटकले. पुढं एका परीक्षणात वेढ्याचं प्रकरण विशेष सखोल असल्याचं छापून आलं. इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आवर्जून वाचावेत असे ग्रंथ’ म्हणून यादी फिरली, त्यात आमचं पुस्तक अभ्यासकांसाठी पहिल्या नंबरावर. मालक ती यादी रोज कुणाला ना कुणाला पाठवायचे. खुद्द सरांनी आपल्या प्रती नेल्या, सह्या करून वाटल्या, आणि घोड्यांबद्दल अवाक्षर नाही. तरी फोन वाजला की मी हातातला फर्मा खाली ठेवायचे.

आणि एके दिवशी खरंच एक गृहस्थ आले. देवळाली कॅम्पात राहणारे, फौजेतून निवृत्त झालेले. काखेत अभ्यासकांची आवृत्ती. बरोबर वेढ्याचं प्रकरण उघडून त्यांनी ते मालकांपुढे ठेवलं. “हे कोणी घातलं?”

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. मावशी उठल्या आणि खुंटीवरची पिशवी काढायला लागल्या. मला रडूच फुटलं.

“अरे, रडते कशाला?” गृहस्थ गोंधळले. “एवढंच विचारायचंय, घोडे किती? मी सतरा मोजले. आमची ही म्हणते अठरा. तीन दिवस घरात बोलणं बंद आहे. उत्तर कुठे दिलंय?”

मालकांनी धावत जाऊन मुलांची आवृत्ती आणली आणि शेवटचं पान काढून दाखवलं. अठरा.

“झाडामागचा राहिला वाटतं,” गृहस्थ म्हणाले. “हे पण द्या एक. बाकीचं काही वाचवत नाही बघा, डुलकी लागते.”

ते गेल्यावर मावशी पिशवी हातात धरून उभ्याच. “मालक, मी बोलले व्हते. तक्रार आली तर जाईन.”

“ही तक्रार नाही, चौकशी आहे,” मालक गंभीरपणे म्हणाले. “बसा. आणि पुढच्या छपाईतही घोडे राहू द्या.”

त्यानंतर माझ्या नोकरीचा विषय निघाला नाही. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मात्र मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशन झालं की त्यांना काही आठवडे घरी बसावं लागेल, आणि रिकामं स्टूल बघून मालक दुसरी बाई आणतील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्या वाटचे फर्मे मी लावीन, माझे लावून झाल्यावर, रोज. मावशी परत येईपर्यंत त्या स्टुलावर कुणाला बसू देणार नाही. हा माझा शब्द.