बाबांचे आत कोरे असलेले मेल

आज इनबॉक्समध्ये फारच गर्दी दिसली, म्हणून जुने मेल आवरायला बसले. जाहिराती उडवल्या, बिलं अर्काइव्हमध्ये टाकली. मग बाबांचे मेल लागले.

बाबा जाऊन वर्ष झालं. गावाहून, सोनाळ्याहून मेल करायचे, पण सगळा मजकूर विषयाच्या रकान्यातच लिहायचे. 'हरभरा सोंगून झाला, तू येळेवर जेवत जाय.' आत उघडलं की कोरं.

शेजारी आई बसली होती. "त्यायचे कुठी टाकून राह्यली वं?"

"अर्काइव्हमध्ये. पुसले जात नाहीत आई, फक्त समोर दिसत नाहीत."

आई स्क्रीनकडे सरकली. "मंग एक तरी समोर राहू दे."

रिकाम्या इनबॉक्समध्ये आता एवढीच ओळ आहे, जेवत जाय म्हणणारी. तुम्ही कुणाचा मेल असा समोर ठेवलाय का?