प्रोबची सोयरीक

आमच्या वाळूजच्या कारखान्यात जुनी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायला सिल्लोडचे एक चाचा येतात. यंत्राला हात लावण्याआधी हात पुसतात, आणि कुठला भाग कशाला चालतो ते सोयरिकीच्या भाषेत सांगतात.

व्होल्टेज पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे मालाला टेकवायची टोकदार वायर, तुटला. बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं, हे मॉडेल बंद झालंय, भाग मिळणार नाही. मी नव्या यंत्राचा प्रोब लावला, तो चपखल बसला. पण व्होल्टेज दहापट कमी दिसत होतं, आणि मी दिवसभर चांगला माल नापास करत राहिलो. शिक्षण सातवी, घर लांब चंद्रपूरला. संध्याकाळी चाचांनी ती चूक पकडली, तेव्हा नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो.

चाचा हसले. "बसला म्हंजी सोयरीक जमली का, बेटा? हा दहाचा प्रोब, व्होल्टेज दहापट कमी करून धाडतो. नवं मशीन त्याला वळखतं, हे म्हातारं नाय वळखत."

तेवढ्यात साहेब आले. "कुणी लावला हा?"



"लावला बराबर, साहेब," चाचा म्हणाले. "वाचायचं कसं, हे मशीनवर कुणी लिहिलंच नव्हतं." आणि त्यांनी खिशातली चिकटपट्टी काढून तिच्यावर माझ्याकडून लिहून घेतलं, 'दहानं गुणा.'

साहेबांनी पट्टी वाचली. मला म्हणाले, "सगळा माल उद्या परत तपास."

उद्या. म्हणजे मी उद्याही इथंच होतो.