वीज गेल्यावर काय काय चालू ठेवायचं?

आमच्या धंद्यात किस्से जमतात ते वीज गेल्यावर. मोठ्या इमारतीला केवढा जनरेटर लागेल याचा हिशोब करून देणं, हे आमचं काम. जनरेटर नीट चालला म्हणून आजवर एकाही माणसाचा फोन आलेला नाही! बंद पडला, की पहिला फोन आम्हाला. इकडे उत्तरेत, गोमती नगरच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, मी जळगावचा आणि आमचे साहेब, पेठे सर, नागपूरचे. चहाच्या वेळी हेच किस्से उगाळतो आणि हसतो. खरं तर त्यात हसण्यासारखं फारसं नसतं.

* * *

वीज गेल्यावर काय चालू राहायला हवं, याची यादी आधी मालकाकडून घ्यायची असते. एका मॉलमालकाच्या यादीत सगळ्यात वर होती बाहेरची पाटी. लिफ्ट नव्हतीच! "बाहर से अंधेरा नहीं दिखना चाहिए," म्हणाला. सरांनी लिफ्ट घातली, त्याने परत काढली. जूनमध्ये एक आजोबा पाऊण तास लिफ्टमध्ये अडकले. बाहेर पाटी झगमगत होती. आजोबांना काढलं तेव्हा त्यांना उभंही राहवत नव्हतं.

* * *

दुसरा एकजण इतका घाबरट, की म्हणाला, "डबल लिखिए, यार!" सरांनी परोपरीने समजावलं, ऐकलं नाही. आता एवढ्या मोठ्या इंजिनावर लोड नावापुरता. डिझेल पुरतं जळेना, धुराड्यातून नुसती काजळी. महिनाभरात शेजारचे गृहस्थ ऑफिसात हजर, हातात वाळत घातलेला चिकनकारीचा पांढरा कुर्ता, काळा ठिक्कर!

"साहब, बिजली आपकी और कालिख हमारी?"

सरांनी त्यांना चहा पाजला. दुसरं करणार काय?

* * *

चारबागच्या हॉटेलची चूक माझी. आग विझवायच्या पंपाचा चालता लोड मी धरला. सुरू होताना मोटर त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते, ते विसरलो. टेस्टच्या दिवशी सगळ्यांसमोर पंप सुरू केला आणि जनरेटरने मान टाकली. जनरेटर बंद, म्हणून पंपही बंद.

मालक शांतपणे म्हणाला, "अच्छा, मतलब आग लगेगी तो दोनों आराम करेंगे!"

वरच्या मजल्यांवर तेव्हा पाहुणे उतरलेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

* * *

आणि ते हॉस्पिटल. जुना जनरेटर काढून नवा बसवायचा होता, पण हिशोबाप्रमाणे येणारा तळघरात मावेना. एक नंबर लहान घेतला तर मावत होता. डॉक्टर-मालक म्हणाले, "कुछ कम कीजिए." मी रविवारभर बसून कमी केलं. अशा वेळी आम्ही डायव्हर्सिटी लावतो. सगळी उपकरणं एकदम चालत नाहीत, म्हणून बेरजेचा काही भागच धरायचा. एसीला लावतो, प्लगांना लावतो, तशी मी आयसीयूलाही लावली. सरांनी घाईत सही केली.

मीटिंगला मालक, आम्ही दोघं आणि आयसीयूच्या मेट्रन. वयस्कर बाई, तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. माझ्या कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "भैया, यह साठ परसेंट क्या है?"

मी उत्साहाने समजावलं. दहा व्हेंटिलेटर आहेत, पण जनरेटरवर आपण सहाच धरले आहेत.

"आज तो दसों चल रहे हैं."

"हाँ, पर हमेशा तो नहीं चलेंगे ना, सिस्टर."

मालक खिडकीबाहेर बघू लागले. सरांनी माझा कागद ओढून घेतला, वाचला आणि चष्मा काढून ठेवला. मेट्रन उठून आत गेल्या आणि वॉर्डचं रजिस्टर घेऊन आल्या. आजचं पान उघडून त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं. दहा नावं होती. शेजारी आपलं पेनही ठेवलं.

"आप चार नाम बता दीजिए," त्या म्हणाल्या. "घरवाले बाहर बैठे हैं, उनसे हम कह देंगे."