शेळीचा होकार

आमच्या ब्राउरोनात बळीच्या जनावराने आपणहून मान हलवली, तरच त्याच्या गळ्यावर सुरी फिरते. जबरदस्तीचा बळी आमची बाळंतिणींची देवी आर्टेमिस घेत नाही, उलट सूड घेते. हा होकार मिळवण्यात लाम्पोन धनगराचा हात धरणारा कोणी नव्हता. डोक्यावर असं पाणी शिंपडायचा, की जनावर मान हलवायचंच. त्याची त्याला भारी घमेंड. "देवीचं नि माझं ठरलेलंय," म्हणायचा. मला ते कधीच आवडलं नाही. देवाशी सलगी करणाऱ्याचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

त्याची एकुलती एक लेक मिर्तो पहिल्याच बाळंतपणात अडली. तिने आधीच एक केशरी वस्त्र विणून ठेवलं होतं. बाई सुखरूप सुटली तर तिचं वस्त्र आर्टेमिसला वाहायचं. दगावली तर ते पलीकडच्या गुहेत, बापानेच बळी दिलेल्या इफिगेनियाला.

लाम्पोन कळपातली सगळ्यांत देखणी शेळी घेऊन वेदीकडे धावला. शेजारधर्म म्हणून जवाची परडी घेऊन मी मागोमाग. त्याने पाणी शिंपडलं. शेळी ढिम्म. पुन्हा शिंपडलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"हलव की गं भवाने!" तो पुटपुटला.

"लाम्पोन, सोड तिला. दुसरी आण," मी म्हटलं.

"दुसरी आणायला वेळ कुठाय, म्हातारे? तिकडे पोर ओरडतेय!"

पुजारणीची पाठ होती. त्याने शिंगं धरून शेळीची मान खाली दाबली आणि ओरडला, "दिला होकार!" सुरी फिरली.

घरी परतलो तर मिर्तो घामाने निथळत होती. दारातच उभ्या बापाला तिने विचारलं, "बाबा, हलवली ना मान? आपणहून?"

त्याने मान हलवली.

"मग झालं तर," म्हणाली आणि हसली बिचारी.

उन्हं कलायच्या आत बाळ रडलं. तिने मात्र डोळे उघडले नाहीत.

सुतक फिटल्यावर तो वस्त्र घेऊन देवळात गेला. मीही सोबत होते. पुजारणीने रीतीप्रमाणे विचारलं, "आर्टेमिसला वाहायचं ना?"

लाम्पोन तिच्याकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं. त्याची मान काही हलली नाही.

शेवटी मीच ते वस्त्र त्याच्या हातातून सोडवलं आणि गुहेकडे निघाले.