फिरकीला लावलेले कुंकू

कोथिंबिरीची कोवळी देठे दाताखाली मोडतानाचा तो हलका, भरभर आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? धारवाडच्या आमच्या प्रयोगशाळेत माझी सकाळ त्या आवाजानेच उजाडते. गिनीपिग मिशा हलवत, खात, हुंगत हिंडत असतो आणि त्याच्या डोक्यावरून निघालेली केसासारखी बारीक नळी मेंदूतला द्रव थेंबाथेंबाने माझ्या यंत्राकडे आणत असते. त्या द्रवात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते जितके अधिक, तितका यंत्रातला प्रकाश अधिक आणि पडद्यावरची रेघ तितकी उंच. गुंगीतल्या प्राण्याचा मेंदू पुष्कळांनी मोजला; पण जागा, कुतूहलाने ओसंडणारा, हिंडता-फिरता जीव किती निराळा! चालताना मेंदू हे विकर सोडतो, हे सिद्ध करण्याचा माझा चार वर्षांचा ध्यास होता आणि सारा प्रबंध त्या एका रेघेवर टांगलेला होता.

नळीला पीळ पडू नये म्हणून वर करंगळीएवढी पितळी फिरकी असते. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका लेथवाल्या अण्णांनी ती घडवून दिलेली. प्राणी वळला की तीही वळते.

दसऱ्याची सुट्टी संपवून परतले, तेव्हा खोली झेंडूने घमघमत होती. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या शांताक्कांनी खंडेनवमीला साऱ्या यंत्रांची पूजा केली होती. मला कौतुकच वाटले. मग नळी जोडली, आणि गिनीपिग दोन पावले टाकून जो थांबला तो थांबलाच! दुपारपर्यंत रेघ सपाट. माझी कल्पनाच खोटी होती की काय? खरे सांगते, मला रडू फुटले.

"बाई, मान ओढल्यागत करतंय बघा पोर," शांताक्का हळूच म्हणाल्या. मी वर पाहिले. फिरकीच्या सांध्यात कुंकू घट्ट बसले होते.

"हिलाही लावलंत?"

"मग? सगळ्यांत जास्त राबतीय ती. तिलाच सोडू व्हय?"

यावर रागावणार तरी कसे! ब्रशने, स्पिरिटने ती फिरकी धुतली. गिनीपिगाने अंग झटकले, गोल चक्कर मारली, दुसरी मारली, आणि रेघ अशी सरसर चढली की मी खुर्चीतून उठून टाळ्याच पिटल्या.

आनंद ओसरल्यावर ध्यानात आले: तोच प्राणी, तोच दिवस, आधी थांबलेला आणि मग चाललेला. चालणे मोजायच्या नादात त्याला थांबवून पाहण्याचे मला चार वर्षांत सुचलेच नव्हते! थांबलेली रेघ नसती, तर चढलेल्या रेघेवर कुणी विश्वास ठेवला असता?

शांताक्का मात्र नोकरी गेल्यासारख्या दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना हाताला धरून पडद्यापाशी आणले आणि सपाट रेघेवर त्यांचे बोट ठेवून म्हटले, "ही तुमची."

त्यांनी बराच वेळ ती न्याहाळली. मग बोट चढावर सरकवत म्हणाल्या, "ही त्या पोराची की हो. मग बाई, तुमची कुठली?"

आम्ही दोघी हसत सुटलो.