सिंधूताईंच्या खिळ्यावरचा गोंडा

सिंधूताईंशी वाद घालायचा असेल तर वस्तीतला माणूस आधी घरून पाणी पिऊन निघायचा. बाई अंगानं काडीपैलवान. पण आवाज असा की आजूबाजूला माग खडखडत असले तरी रस्त्यापलीकडच्याला स्वच्छ ऐकू जायचं, "काहून खोटं लिहून राहिला गा?"

ही गोष्ट सत्तर सालानंतरची, नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीची. विणकर सोसायटीच्या ओसरीवर सगळे सूत घ्यायला जमत. तिथल्या भिंतीवर सिंधूताईंनी एक काळा फळा टांगला होता. कोणाचा रंग उतरतो, कोणाची सुताला लावायची खळ आंबते, कोणाचा काठ आखडतो, आणि उपाय माहीत असतो तो दुसऱ्याच गल्लीत. "आपलं शहाणपण म्हणजे लोणच्याची बरणी झाली," त्या म्हणायच्या, "ज्याच्या घरी त्याच्याच ताटात." म्हणून हा फळा. अडचण असेल त्यानं प्रश्न लिहायचा. माहीत असेल त्यानं खाली उत्तर लिहायचं आणि उत्तराखाली आपलं नाव. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी सिंधूताई लिहायच्या.

फळ्याशेजारी एक लाकडी फळी होती. तिच्यावर नावं आणि नावापुढे खिळे. उत्तर लागू पडलं की प्रश्न विचारणाऱ्यानं स्वतः येऊन "जमलं" म्हणायचं. मग सिंधूताई उत्तर देणाऱ्याच्या खिळ्यावर लाल सुताचा एक गोंडा अडकवायच्या. ज्याच्या खिळ्यावर मूठभर गोंडे जमले त्याला फडकं हातात घ्यायचा मान. म्हणजे फळ्यावरचा फालतूपणा तो पुसू शकत असे. बाकीच्यांनी फडक्याला हात लावायचा नाही. सासूची गाऱ्हाणी इथे चालत नसत. कालचाच प्रश्न आज कोणी विचारला तर, "आदी वाच, मंग इचार!"

लोक या गोंड्यांसाठी काय जीव टाकायचे हो! लेकाच्या लग्नाची बोलणी करताना बाप सहज सांगावं तसं सांगायचा, "आमच्या खिळ्यावर गोंडे आहेत बरं." आणि सगळ्यांत भरलेला खिळा अर्थात सिंधूताईंचा.

सोसायटीचे अध्यक्ष वामनराव यांना मात्र हा फळा डोळ्यांत सलायचा. त्याला कारणही तसंच. रंग कसा पक्का करावा, या प्रश्नाखाली त्यांनी एकदा लिहिलं होतं, "माझ्या मागावरचा रंग कधीच जात नाही." सिंधूताईंनी त्यांच्यादेखत ते पुसलं. "हे उत्तर होय का जाहिरात?" सगळी ओसरी हसली. वामनराव लालबुंद झाले. "ठीक आहे सिंधूताई, तुमचं एक उत्तर खोटं निघू द्या. फळा मी माह्या हातानं काढतो."

"निघालं तं मीच तुमाले बोलवीन," सिंधूताई म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या.

त्या वर्षी सोसायटीत नकली रेशमाचं सूत आलं. चकचकीत, बाजारात भाव खाणारं. उमरेडहून नव्यानं लग्न होऊन आलेल्या जयवंतानं ते मागावर चढवलं. घरात विणणारी ती एकटीच होती. नवऱ्याचं मन कोराडीच्या पॉवर हाऊसमधल्या नोकरीकडे लागलं होतं. मागावरच्या उभ्या धाग्यांचा हा ताणा नीट उतरला नाही तर माग विकायचा, असं त्यानं तोंडावर सांगून टाकलं होतं. आणि वैशाखाच्या उन्हात तिच्या ताण्याच्या तारा तटातट तुटायला लागल्या. तिनं फळ्यावर प्रश्न लिहिला.

सिंधूताईंनी खाली उत्तर लिहिलं, "ताणा ओलसर ठेव. मागाखालच्या खड्ड्यात पाणी शिंपड, वरून ओलं कापड टाक." त्यांच्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी काय करणार? काही दिवसांनी जयवंता आली आणि खाली मान घालून म्हणाली, "जमलं ताई." सिंधूताईंनी स्वतःच्या खिळ्यावर गोंडा अडकवला. ते पाहून नकली रेशीम नेलेला अख्खा मोहल्ला पाणी शिंपडायला लागला.

मग एक दिवस पापड लाटायला बोलवायला म्हणून सिंधूताई जयवंताच्या घरी गेल्या. मागाकडे पाहिलं आणि दारातच थबकल्या. ताण्यावर गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. पोरीचे डोळे रडून सुजलेले.

"हे काय वं? तू तं जमलं म्हणाली होती."

जयवंता पदराचं टोक पिळत राहिली. "तुमाले खोटं कसं म्हणू ताई? तुमच्या खिळ्यावर एवढाले गोंडे. मले वाटलं, माहाच हात वाईट आहे."

"माग इकायचं चाललं का?"

"उद्या गिऱ्हाईक येऊन राहिलं." मग दबकत तिनं सांगितलं, "एक सांगू? मले ताप होता ना, तवा पाणी न शिंपडताच मागावर बसली. त्या दिवशी तार तुटलीच नाही. पण तो माह्या मनाचा खेळ असंल."

सिंधूताईंनी एक तार कोरडीच ओढून पाहिली. दुसरी पाण्यात बुडवून ओढली. कापसाच्या सुताची तार भिजली की चिवट होते. ही नकली रेशमाची भिजल्यावर शिजल्या शेवईसारखी तुटली.

तुटलेले दोन्ही तुकडे हातात घेऊन बाई मागाशेजारी बसल्या. चूक झाली याचं एवढं नव्हतं, चूक कोणाच्या हातून होत नाही? पण आपल्या भरल्या खिळ्याकडे पाहून या पोरीनं स्वतःच्याच हाताला दोष दिला, यानं त्यांच्या काळजाला घरं पडली. खरं बोलता यावं म्हणून फळा टांगला, आणि त्याच फळ्यानं हिचं तोंड बांधलं!

उठताना त्या जयवंताच्या नवऱ्याला म्हणाल्या, "गिऱ्हाईकाले चार दिवस थांबव गा. दोष तुह्या बायकोचा नाही, माहा आहे."

आता खरं म्हणजे सोपं होतं. फडकं त्यांच्याच हातात होतं. सकाळी लवकर जाऊन उत्तर पुसलं असतं, घरोघरी हळूच सांगितलं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता. फळाही वाचला असता आणि नावही. पण मग ती सिंधूताई कसली!

सूत वाटायच्या दिवशी ओसरी गच्च भरली होती. त्यांनी वामनरावांना हाक मारली. "या. बोलवीन म्हटलं होतं ना?" फडक्याला त्यांनी हातच लावला नाही. आपल्या उत्तराखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे उत्तर खोटं आहे." खाली नाव लिहिलं, सिंधू. खिळ्यावरचा गोंडा काढून सगळ्यांसमोर उसवला.

वामनराव पुढे झाले, फळ्याला दोन्ही हात घातले. आणि तसेच थांबले. अध्यक्षांच्या घरी चार माग, चारही मागांवर नकली रेशीम, आणि चारही खड्ड्यांत पाणी!

"मंग..." त्यांचा आवाज खाली आला. "ओलं ठेवायचं नाही, तं काय करावं?"

सिंधूताईंनी खडू पुढे केला. "प्रश्न फळ्यावर लिहा. खाली नाव लिहा."

ओसरी अशी हसली की छपरावरची पाखरं उडाली. या माणसानं आजवर फळ्यावर एकही प्रश्न विचारला नव्हता. फळा धरून ठेवलेले हात सोडवून त्यांना खडू घ्यावा लागला.

प्रश्न तर झाला, पण उत्तर कोण लिहिणार? सगळे सिंधूताईंकडे पाहू लागले. सिंधूताईंनी जयवंताकडे पाहिलं. तिनं वामनरावांच्या हातातून खडू घेतला आणि लिहिलं, "पाणी मारू नका. ताणा कोरडा ठेवा." आणि खाली नाव.

पुढच्या सूतवाटपाला वामनराव येऊन पुटपुटले, "जमलं."

"तोंडाचं जमलं आता चालत नाही," सिंधूताई म्हणाल्या. "कापड दाखवा." तो त्या दिवसापासून नवा नियम. अध्यक्ष मुकाट्यानं घरी जाऊन लुगडं घेऊन आले, आणि जयवंताच्या नावापुढे पहिला गोंडा लागला. तिचा माग विकला गेला नाही. नवरा कोराडीला लागला, माग घरात चालत राहिला.

पण सिंधूताईंच्या मनातली रुखरुख जाईना. लोक अजूनही त्यांच्यासमोर मान खाली घालूनच बोलत. दिवाळीच्या आधी जयवंतानं काठाबद्दल काही विचारलं, सिंधूताईंनी उत्तर दिलं. काही दिवसांनी ती कापड घेऊन ओसरीवर आली. भरल्या ओसरीत ते उलगडून, मान वर करून म्हणाली, "ताई, तुमचं उत्तर नाही जमलं."

वामनरावांच्या हातातला चहा हिंदकळला. बायांनी तोंडाला पदर लावले. सिंधूताई जागेवरून उठल्या, जयवंताजवळ गेल्या आणि त्या गुणी पोरीच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"आत्ता खरा झाला माहा फळा," त्या म्हणाल्या, आणि कापड उजेडात धरून काठ कुठे बिघडला ते पाहायला बसल्या.